डब्याच्या अंगावरच्या वळ्या

मैत्रिणींनो, गेल्या वर्षीच्या आखाजीला आमच्या घरी एक भांडण झाले. भांडण म्हणावे एवढे मोठे नव्हे. पण दोन दिवस सासूबाई माझ्याशी कामापुरतेच बोलत होत्या, एवढे खरे. आणि ते झाले कशावरून म्हणाल, तर आमरसाच्या डब्यावरून!

आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, हे खानदेशातल्या मैत्रिणींना सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगते. आमच्या नंदुरबार-धुळे-जळगावकडे हा सण दिवाळीच्या तोडीचा. सासरी गेलेल्या लेकी माहेरी येतात, निंबाला झोके बांधतात, गौराईची गाणी होतात, पितरांच्या नावाने घागर भरली जाते, आणि त्या दिवशी पानात पुरणपोळी आणि आमरस हवाच. गेल्या वर्षी आंबा उशिरा आला आणि आला तो चढ्या भावाने. धाकट्या नणंदबाई पाचव्या महिन्याच्या, पहिलटकरीण, दोन वर्षांनी माहेरी यायच्या होत्या. तेव्हा आमच्या ह्यांनी सुरतेहून येताना आमरसाचे चार डबे आणले. मोठे, साडेआठशे ग्रॅमचे. दुकानात एका कोपऱ्यात पोचे आलेल्या डब्यांचा ढीग होता म्हणे, निम्म्या किमतीत. घरात शिरले ते असे तोऱ्यात की जणू लढाई जिंकून आले!

आदल्या संध्याकाळी डबे धुवून ओट्यावर ठेवले, तर त्यातला एक सरळ उभाच राहीना. हलकेच डुलत होता. उचलून पाहिला तर बूड बाहेर आलेले, पोट सुटल्यासारखे. अंगठ्याने दाबले. ‘टक्क’ आवाज होऊन बूड आत गेले आणि त्याच क्षणी वरचे झाकण बाहेर आले! दुसरा पाहिला, तो तर दोन्हीकडून टम्म. दाबला तरी दबेना.

सासूबाई म्हणाल्या, “प्रवासात उन्हाने फुगले असतील. फोडून तर बघ. वास आला तर टाकून दे.” त्यांचेही चूक नव्हते. पदरचे पैसे घालून आणलेली वस्तू न उघडता उकिरड्यावर टाकायची, हे त्यांच्या पिढीला कसे पटावे? आणि सांगायचे काय, मला तरी नक्की कुठे ठाऊक होते? मी बी.ए. मराठीची. शाळेत अर्धवेळ शिकवते तेही भाषाच. पण नणंदबाईंच्या पोटातले बाळ डोळ्यांसमोर आले आणि हात थांबला. आमच्या शाळेतल्या विज्ञानाच्या सरांना फोन लावला. सरांनी विचारले, “फुगलाय? मग उघडू नका. चाखून तर मुळीच बघू नका.” मग उरलेल्या दोन डब्यांची चौकशी केली. पोचा कुठे आहे? अंगाला की कडेला? शिवणीवर आहे का? बोट बसेल एवढा खोल आहे का? मी आपली एका हातात फोन आणि दुसऱ्या हातात डबा घेऊन, डॉक्टरला पेशंटची लक्षणे सांगावी तशी सांगत होते. एका डब्याला अंगावर उथळ पोचा होता, तो सरांनी पास केला. दुसऱ्याचा पोचा नेमका वरच्या कडेवर होता, तो नापास.

चारांतला एक उरला. निम्म्या किमतीचा सौदा दुपटीला पडला! शेवटी मिळाले तेवढे आंबे आणून रस पुरवला, पण तो पातळ झाला. सणाच्या दिवशी लेकीच्या पानात पातळ रस म्हणून सासूबाई जास्त दुखावल्या. डबे टाकल्याचे दुःख त्यामानाने कमी.

पुढे शाळा सुरू झाल्यावर मी सरांचा पिच्छा पुरवला. कडेवरचा पोचा वाईट आणि अंगावरचा चालतो, असे का? डब्याच्या अंगावर त्या गोल गोल वळ्या कशाला असतात? मला तर आजवर वाटायचे की हातातून निसटू नये म्हणून, किंवा नुसती शोभा. सर म्हणाले, “बाई, सातवीच्या वर्गावर या. येताना घरून तेलाचा एक रिकामा डबा घेऊन या.”

तेलाचा डबा म्हणजे आपला पंधरा किलोचा चौकोनी. आमच्याकडे शेंगदाण्याच्या तेलाशिवाय भाजीला चव नाही, आणि ज्यांना जमते त्या घरी तेल डब्यानेच येते. डबा रिकामा झाला की वरचा पत्रा कापून, बिजागरीचे झाकण बसवून त्यात गहू, डाळी, कुरडया, पापड. आमच्या माळ्यावर असे अकरा डबे आहेत. माझ्या आजीकडे पिवळ्या रंगाचे, ताडाचे झाड काढलेले डालडाचे डबेही होते. १९३७ साली बाजारात आलेला डालडा कधीच संपला. डबे मात्र पुढच्या दोन पिढ्यांना पुरले. तर असाच एक न कापलेला डबा सासूबाईंनी नव्या गव्हासाठी जपून ठेवला होता. तो मी न विचारता उचलला. दुसरा अपराध!

वर्गाबाहेर तीन दगडांची चूल मांडली. सरांनी डब्यात दोन पेले पाणी घातले आणि बूच काढून डबा चुलीवर ठेवला. पाणी चांगले उकळून तोंडातून वाफेचा लोट येऊ लागला, तसा पाचेक मिनिटांनी डबा खाली उतरवला आणि मग लगेच बूच घट्ट लावले. (आधी उतरवायचा, मग बूच. बंद डबा विस्तवावर कधीही ठेवायचा नाही, हे सरांनी मुलांकडून तीनदा म्हणवून घेतले.) वरून बादलीभर गार पाणी ओतले. क्षणभर काहीच झाले नाही. मग ‘धाड’! कुणी अदृश्य माणसाने मिठीत घेऊन आवळावा तसा तो डबा चारी बाजूंनी चेपला गेला. मुले टाळ्या पिटू लागली. मी मात्र घरी काय सांगायचे या विचारात.

झाले असे, की वाफेने डब्यातली हवा बाहेर हाकलली आणि गार पाणी पडताच त्या वाफेचेही पाणी झाले. आत जवळजवळ काही उरले नाही. बाहेरची हवा मात्र होती तेवढीच होती. आणि हवा काय थोडी दाबते? दर चौरस सेंटिमीटरला साधारण एक किलो! एरवी आतूनही तेवढाच दाब असतो म्हणून आपल्याला कळत नाही. मी नंतर टेपने डबा मोजला. एका बाजूचे क्षेत्रफळ आठशे चौरस सेंटिमीटरच्या आसपास भरते. म्हणजे आतला दाब गेला की प्रत्येक बाजूवर आठ क्विंटलांचा भार. लग्नाघरच्या गव्हाची पोतीच!

आता गंमत ऐका. आमरसाच्या डब्यात नेमके हेच होते, फक्त कमी प्रमाणात. रस गरम असताना भरतात, झाकण बसवतात, तापवतात आणि मग डबे गार करतात. वरच्या मोकळ्या जागेतली वाफ निवली की आत थोडी पोकळी तयार होते. समजा, बाहेरच्या हवेच्या मानाने आतला दाब एक तृतीयांश कमी झाला. दहा सेंटिमीटर रुंद, बारा सेंटिमीटर उंच डबा. झाकणावर पंचवीस किलो आणि सभोवतीच्या अंगावर मिळून सव्वाशे किलोंच्या आसपास भार येतो. म्हणजे आमचे हे आणि मी मिळून! आणि हा भार पेलणारा पत्रा केवढा जाड? पोस्टकार्डाएवढा, कधी कधी त्याहूनही पातळ.

तो पेलतो कसा, ते समजून घ्यायला डब्याची गरज नाही. एक कागद घ्या आणि टेबलाच्या कडेवरून पुढे धरा. मान टाकतो. त्याचीच सुरळी करा. बाहीवर उभी राहील आणि वर वाटीही पेलेल. कागद तोच, वजन तेच, आकार बदलला. गोल डब्याला चौकोनी डब्यापेक्षा जोर असतो तो ह्याचमुळे. सपाट बाजू दाबली की आत जाते. गोल बाजूवर दाब आला की तो सगळीकडे वाटला जातो. आता त्याच कागदाला पंख्यासारख्या घड्या घाला. पुन्हा बळ आले. आपल्या पडवीवरचा पन्हाळी पत्रा असाच नाही का? सपाट असता तर पहिल्याच वळवाच्या पावसात मध्ये खोलगट होऊन बसला असता. स्टार्च केलेल्या सुती साडीच्या निऱ्या तरी काय करतात? पसरून धरलेला पदर लोंबतो, निऱ्या ताठ उभ्या राहतात.

डब्याच्या अंगावरच्या वळ्या म्हणजे ह्या निऱ्याच. प्रत्येक वळी डब्याला कमरपट्टा बांधल्यासारखी आवळून धरते आणि बाहेरच्या हवेला आत घुसू देत नाही. वळ्या असल्या म्हणजे पत्रा पातळ घेता येतो, डबा हलका होतो, स्वस्त पडतो. तेलाच्या चौकोनी डब्याकडेही पुन्हा एकदा नीट पाहा. त्याच्या सपाट बाजूंवर उभ्या-आडव्या नाहीतर तिरप्या उठावाच्या रेघा ठोकलेल्या असतात. त्या नक्षीसाठी नाहीत. सपाट बाजूची लाज त्या रेघा राखतात. सर्वच भार पेलता येत नाही, ते आम्ही वर्गात पाहिलेच. पण रोजची उचलठेव, ट्रकमधले हादरे आणि आतले पंधरा किलो तेल एवढे त्या सांभाळतात.

मी सरांना विचारले, मग वळ्या अजून खोल का करत नाहीत? त्यांनी टेबलावरच्या हार्मोनियमकडे बोट दाखवले. भाता बाजूने दाबला तर सहज दबत नाही, पण पुढून-मागून दाबला की मिटतो. खोल वळ्यांच्या डब्याचे तसेच होते. बाजूने बळकट, पण वरून भार आला की भात्यासारखा बसतो. आणि गोदामात डब्यांवर डबे, खोक्यांवर खोकी रचलेली असतात. तळातल्या डब्याला वरच्या सगळ्यांचा भार सोसावा लागतो. म्हणून कारखान्यात वळ्यांची खोली बेताने ठरवतात. बाजूने चेपणार नाही इतकी खोल आणि वरून बसणार नाही इतकी उथळ. आपल्या सुनांना सांभाळावा लागतो तसलाच तो मध्य!

झाकणावरची वर्तुळे मात्र वेगळ्या कामाची. पाण्यात खडा टाकल्यावर उठतात तशी एकात एक वर्तुळे असतात ना? वाटाणे, मका, मासे असले आंबट नसलेले पदार्थ भरलेले डबे मोठ्या प्रेशर कुकरमध्ये १२१ अंशांपर्यंत तापवतात. आपला घरातला कुकरही शिटीच्या वेळी साधारण तेवढाच तापतो. त्या तापाने आतला पदार्थ आणि वाफ फुगू पाहतात. त्या वेळी झाकणाला थोडे बाहेर यायला जागा हवी आणि निवल्यावर पुन्हा आपल्या जागी जायला हवे. ती लवचीकता ही वर्तुळे देतात. चांगल्या डब्याचे झाकण म्हणूनच नेहमी सपाट किंवा किंचित आत गेलेले असते. ते बाहेर आलेले दिसले की समजावे, आत कुणीतरी वायू तयार करत आहे.

हा ‘कुणीतरी’ म्हणजे बहुधा जंतू. आंब्यासारख्या आंबट पदार्थात कधी कधी नुसते आम्लच पत्र्यातल्या लोखंडाला खाते आणि हायड्रोजन वायू सुटतो. कधी गळक्या शिवणीतून शिरलेले यीस्ट आंबवून फुगवते. पण आंबट नसलेल्या पदार्थांत क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम नावाचा जंतू वाढू शकतो, आणि त्याचे विष माणसाच्या मज्जातंतूंवर जाते, श्वास घेणारे स्नायूसुद्धा लुळे पडतात. ह्या जंतूला हवा नको असते, म्हणून बंद डबा त्याला मानवतो. त्याची बीजे साध्या उकळत्या पाण्याला दाद देत नाहीत, म्हणून तर ते १२१ अंश. आणि वाईट असे की हे विष असलेल्या अन्नाला वास येईलच, चव बदललेलीच असेल, असे नसते. सासूबाईंची ‘फोडून वास घेऊन बघ’ ही कसोटी आपल्या दुधा-वरणाला लागू आहे, डब्याला नाही. बाहेरून पाहून डबा आमरसाचा आहे म्हणून ‘आम्लाने फुगला असेल, चालेल’ असा तर्क आपण करू नये. फुगलेला डबा कसलाही असो, टाकायचा.

आता कडेवरच्या पोच्याचे. मैत्रिणींनो, तुम्ही करंजीला मुरड घालता ना? डब्याची कड म्हणजे पत्र्याला घातलेली मुरड. डब्याच्या तोंडाची कड बाहेर वळवलेली असते आणि झाकणाची कड तिच्यावर येते. यंत्रातले एक चाक झाकणाची कड डब्याच्या कडेखाली गुंडाळते, दुसरे चाक ती मुरड दाबून घट्ट करते. नीट कापून पाहिले तर तिथे पत्र्याचे पाच थर असतात, तीन झाकणाचे आणि दोन डब्याचे. मध्ये रबरासारखा लेप भरलेला असतो. सगळ्या डब्याचे राखणे ह्या मुरडीवर. करंजीच्या पोटाला हलका दाब आला तर काही बिघडत नाही. मुरड सुटली की सारण तेलात! तसेच इथेही. अंगावरच्या उथळ पोच्याने डबा कुरूप होतो, एवढेच. कडेवर ठोका बसला तर त्या पाच थरांत केसाएवढी फट पडू शकते. आत पोकळी असल्याने त्या फटीतून बाहेरची हवा, पाणी आणि जंतू शोषले जातात. आपल्याला बाहेरून काहीच दिसत नाही. उभ्या शिवणीवरच्या पोच्याचीही हीच तऱ्हा.

आणखी एक गोष्ट आतल्या बाजूची. डब्याचा पत्रा लोखंडाचा असतो आणि त्याला कथिलाची कल्हई असते. पितळेच्या पातेल्याला कल्हईवाला करून देतो तीच कल्हई, फक्त कारखान्यातली आणि फार पातळ. एक चौरस मीटर पत्र्याला तीन ते अकरा ग्रॅम कथिल. पूर्वी पत्रा वितळलेल्या कथिलात बुडवून काढत, आता विजेच्या साहाय्याने मुलामा देतात. असा पत्रा आपल्या देशात मोठ्या प्रमाणावर करण्यासाठी जमशेदपूरला १९२० साली टिनप्लेट कंपनी निघाली, ती २०२४ मध्ये टाटा स्टीलमध्ये मिळाली. कल्हईवर आतून बहुधा लाखेसारख्या लेपाचा हातही असतो. पोचा खोल आणि धारदार असला, पत्र्याला घडी पडल्यासारखा, की हा लेप आणि कल्हई आतून तडकते, लोखंड उघडे पडते, आणि आंबट रस ते खायला लागतो. बोट आत बसेल एवढा खोल पोचा असेल तर डबा घेऊ नका, असे सर म्हणाले ते म्हणूनच.

ह्याच कारणाने, डबा उघडल्यावर उरलेला पदार्थ डब्यातच ठेवून फ्रीजमध्ये सरकवू नका. हवा लागली की आंबट पदार्थ कथिल भराभर विरघळवतो. काचेच्या किंवा स्टीलच्या भांड्यात काढा. आणि माळ्यावरच्या तेलाच्या डब्यांत गहू-डाळी खुशाल भरा, पण मीठ, चिंच, लोणचे, ताक ह्यांचा त्यांच्याशी संबंध येऊ देऊ नका.

डबा हा प्रकार जन्मला तेव्हा मात्र पातळ पत्र्याची चैन नव्हती. फ्रान्समध्ये निकोला आपेर ह्या हलवायाने बंद बाटल्या उकळून अन्न टिकवण्याची युक्ती काढली आणि १८१० साली त्याला सरकारकडून बारा हजार फ्रँक मिळाले. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये पीटर ड्युरँडने पत्र्याच्या डब्याचे पेटंट घेतले, आणि १८१३ च्या सुमारास लंडनला डब्यांचा कारखाना सुरू झाला. ते डबे जाड लोखंडाचे, शिशाचा डाग देऊन बंद केलेले, छिन्नी-हातोडीने उघडावे लागत. डबा उघडण्याचे खास हत्यार निघायला १८५५ उजाडले! अन्न डब्यात कोंडायचे कसे हे पुरुषांना सुचले, बाहेर काढायचे कसे हे सुचायला पंचेचाळीस वर्षे लागली. स्वयंपाकघरातल्या कुणाला विचारले असते तर?

त्यामानाने आजचा थंड पेयाचा ॲल्युमिनियमचा डबा पाहा. त्याची भिंत वहीच्या कागदाएवढी. त्याला वळ्या नाहीत, कारण त्याची गोष्ट उलटी आहे. आत पोकळी नाही, तर वायूचा दाब आहे. तोच त्याला आतून ताठ धरतो, हवा भरलेल्या फुग्यासारखा. टोपण उघडले की बोटांनी चिरडता येतो. त्याचे बूड आत वळलेले असते, घुमटासारखे. सपाट असते तर दाबाने फुगून डबा डुलला असता. हे डबे बाहेरच्या हवेच्या सुमारे सहापट दाब सोसतील अशा बेताने करतात. तरी आपल्याकडच्या मे महिन्यात, नंदुरबारला पारा चव्वेचाळीसवर असताना, असा डबा बंद गाडीत विसरू नका.

तसेच कंडेन्स्ड मिल्कचा बंद डबा पाण्यात उकळून खवा-कॅरॅमल करण्याची एक पद्धत मैत्रिणींत फिरत असते. ती करू नका. पाणी आटले आणि बूड कोरडे पडले की आतली वाफ सापडेल तिथून वाट काढते, आणि मुरड सुटली तर उकळता पाक अंगावर येतो. डबा उघडून दूध कुकरच्या भांड्यात झाकून शिजवले तर तेच मिळते.

तेल घेताना एक लक्ष ठेवा. एकदा वापरलेल्या डब्यात पुन्हा खाद्यतेल भरून विकायला आपल्या देशात मनाई आहे. अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या २०१८ च्या वेष्टनाच्या नियमांत तसे आहे. तरी बाजारात जुने डबे धुवून, पोचे ठोकून काढून फिरवणारे असतात. नवीन डब्याच्या कडा आणि कोपरे सरळ असतात, उठावाच्या रेघा धारदार दिसतात. कोपऱ्यांवर ठोकल्याच्या खुणा, तोंडापाशी ओरखडे, गंजाचे ठिपके, नवे लेबल आणि त्याखाली जुन्याचा डिंक असे दिसले तर तो डबा परत करा. ठोकून सरळ केलेला पत्रा पुन्हा पहिल्यासारखा होत नाही. घडी जिथे पडली तिथे तो कमजोरच राहतो.

कोकणातल्या मैत्रिणी म्हणतील, आमच्याकडे मे महिन्यात ‘कॅनिंगच्या आंब्याला काय दर फुटला’ हा गावभर विषय असतो, आणि तुम्ही खानदेशी बाया डब्याला घाबरता! घाबरत नाही हो. रत्नागिरीचा हापूस डब्यात जाऊन दुबई-लंडनच्या मराठी घरांतल्या पाडव्याला पोचतो, ह्याचा मला आनंदच आहे. आमच्या सातपुड्यातला धडगाव-अक्कलकुव्याचा आंबा डब्यात जात नाही, तो कैरीच्या फोडी होऊन उन्हात वाळतो आणि आमचूर होऊन देशभर जातो. डबा नसला तरी आंबा टिकवायचा कसा, हे तिथल्या बायकांना कधीपासून ठाऊक आहे.

सासूबाईंचे सांगायचे राहिले. चेपलेला डबा मी संध्याकाळी तशीच घरी घेऊन आले. लपवून तरी कुठे ठेवणार? तुळशीजवळ ठेवला आणि सगळे सांगितले. त्या त्याच्याभोवती दोनदा फिरल्या, आत गेलेल्या पत्र्यावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, “नुसत्या हवेनं?” त्यानंतर आठवडाभर घरी येणाऱ्या प्रत्येक बाईला तो डबा दाखवणे चालले होते. गव्हाच्या डब्याबद्दल मात्र अजून बोलून दाखवतात.

ह्या वर्षीच्या आखाजीला नणंदबाई आठ महिन्यांच्या लेकाला घेऊन आल्या. आंबा ह्या खेपेला वेळेवर होता, तरी बाहेरून येणाऱ्या पाहुण्यांसाठी म्हणून दोन डबे आणायला सासूबाई माझ्याबरोबर दुकानात आल्या. दुकानदाराने काढून ठेवलेला पहिला डबा त्यांनी हातात घेतला, नखाने कड चाचपली, झाकण अंगठ्याने दाबले, आणि पुन्हा त्याच्या पुढ्यात सरकवून दिला. “हाऊ डबा फुगेल शे. दुसरा दे.”

फुगलेला डबा टाकायचा कसा, हे दोन-तीन मैत्रिणींनी विचारले म्हणून सांगते. तो फोडून मोरीत ओतू नका, गाई-कुत्र्यांपुढे टाकू नका. न उघडता दोन प्लॅस्टिकच्या पिशव्यांत घट्ट बांधा, वर ‘खराब अन्न’ अशी चिठ्ठी लावा आणि घंटागाडीत द्या. भंगारवाल्याला देऊ नका, तो बिचारा उघडून बघेल. डबा गळत असेल तर हात आणि ओटा साबणाने धुवा, आणि पुसलेले फडके पुन्हा वापरू नका.

पुढच्या आठवड्यात लोणच्याच्या बरण्यांच्या झाकणांविषयी लिहीन. पावसाळा तोंडावर आहे.